आजोळचं दुसरं मागणं

त्या रविवारी आजोळी कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं. घोडा गुरुवारी कापला होता. शुक्रवार आणि शनिवार आई आणि मामी आतडी धुऊन त्यात फासळ्यांचं मांस भरत बसल्या होत्या, आणि मिठाने दोघींच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. हिवाळ्याचं मांस घरात आलं की पहिलं जेवण जवळच्या माणसांना घालायचं, असा रिवाज. कुल्पान आजी होती तेव्हा या जेवणाला तीस माणसं असायची. या वर्षी जवळची माणसं म्हणजे आम्हीच पाच: कोके, तल्गात मामा, गुल्सिम मामी, आई आणि मी, बलाउसा. कोके म्हणजे आईचे वडील. घरात सगळेच त्यांना कोके म्हणतात, आजीसुद्धा म्हणायची. माझे बाबा करागांडाला खाणीत पाळीवर होते, त्यांची सिबागा, म्हणजे त्यांच्या वाटणीचं मांस, आईने बाजूला बांधून ठेवली होती.

सहावा माणूस अल्माटीहून येणार होता. तो मांस खायला नाही, मशीनं न्यायला येत होता.

"राउशान, तू बस जरा," मामी आईला म्हणाली. "पाय सुजलेत तुझे."

"बसले तर उठायची नाही." आईने पातेल्यावरचा फेस काढला. "आणि वहिनी, दादाला सांग, मांस शिजायला अजून तास आहे. दर पाच मिनिटांनी येऊन झाकण काढतोय. वाफेवर पोट भरायचंय का त्याला?"

"भूक नाही त्याला. धास्ती आहे."

"कसली?"

मामीने माझ्याकडे हनुवटी केली. मी कोपऱ्यात पीठ लाटत होते, पोळी चांगली पातळ होत आली होती. "हिची. कालपासून गप्प आहे ही. ही गप्प असली की आत काहीतरी शिजत असतं."

हे खरं होतं. ऑक्टोबरात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले होते, दहावीतल्या मुलीने अकरावीच्या तीन मुलांना गार केलं होतं, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की बोलून सुटत नाही असं जगात काहीच नसतं. कालपासून मी गप्प होते ते मुद्दे जुळवत.

मशीनं समोरच्या गॅरेजमध्ये होती. कोके बाल्खाशच्या बागेतल्या खेळांच्या मंडपात दुरुस्तीचं काम करायचे, आजी तिथेच खिडकीत बसून नाणी सुटी करून द्यायची. पंधरा कोपेकचं नाणं टाकलं की मशीन चालू. मग देश गेला, नाणं गेलं, मंडपाला कुलूप लागलं, मशीनं भंगारात निघाली. कोकेंनी पाच उचलून आणली. नेमबाजीचं एक, रस्त्यावरच्या मोटारींचं एक, सलगम उपटून ताकद दाखवायचं एक, एक दांडू फेकायचं, आणि सगळ्यांत मोठी, निळी, सागरी लढाई. तिच्या पाणबुडीच्या दुर्बिणीत डोळे घालायचे, समोर समुद्र दिसतो, क्षितिजावरून जहाजं सरकतात, आणि अंगठ्याने बटण दाबलं की पाण्याखालून दिव्यांची रांग पळत सुटते. दहा गोळे मिळतात. लहानपणी सुट्टीत मी इथे यायचे ती त्या दहा गोळ्यांसाठी. मांसासाठी नाही, आणि खरं सांगायचं तर कोकेंसाठीही नाही.

आता वसंतात गॅरेजची ती अख्खी ओळ पाडणार होते. आणि मामा कोकेंना अस्तानाला नेणार होता, नवव्या मजल्यावर.

रेनात साडेअकराला आला. अल्माटीत जुन्या मशीनांचं संग्रहालय चालवणारा, तिशीतला तातार, कोरलेली दाढी, पातळ हातमोजे. मामा त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेला, मागून कोके, आणि कुणी बोलावलं नसताना मी. तो सागरी लढाईपुढे नमाजाला बसावं तसा गुडघ्यांवर बसला आणि विजेरी दातांत धरून मागची पाटी वाचायला लागला.

"या क्रमांकाचं मी फक्त फोटोत पाहिलंय," तो म्हणाला. "अक्साकाल, काच मूळ आहे?" वयस्कर माणसाला मानाने अक्साकाल म्हणतात.

"मूळ आहे," कोके म्हणाले. ते बसची जुनी सीट टाकली होती तिच्यावर बसले होते, डोळे मिटून.

"मोटर?"

"दोनदा गुंडाळली. तांबं या गावात मिळतं."

रेनातने मागचं दार उघडलं. आत साखळी, आरसा, आणि साखळीवर चार जहाजं. त्याने विजेरी जवळ नेली. मग एक जहाज नखाने उलटं केलं. मागे माशाच्या डब्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

"ही मूळ नाहीत."

"आईने केली," मामा म्हणाला. "प्लास्टिकची तुटली तेव्हा. डबे कापून."

"काम छान आहे." रेनातने ते जहाज अगदी जपून सरळ केलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हा सोयीचं नव्हतं. "पण काळजी नको. माझ्याकडे मूळ चार सुटी आहेत. बदलून टाकीन."

"हं," कोके म्हणाले.

तिसऱ्या जहाजाच्या खिडकीत पांढरा ठिपका आहे. तो आजीचा डोक्याचा रुमाल. आई लहान असताना आजी तिला सांगायची, त्यात मी बसलेय, मी चाललेय समुद्र बघायला, मला बुडवलंस तर संध्याकाळी जेवायला नाही. आईने त्या जहाजावर आयुष्यात कधी नेम धरला नाही. मीही धरला नाही, मला तर आजी नीट आठवतही नाही. आणि हा माणूस ते बदलून टाकणार होता. माझे मुद्दे तिथे पक्के झाले.

मांस शिजलं, जेवायला बसलो. कोकेंनी पाहुण्याला स्वतःच्या सुरीने मांस कापून दिलं, रेनातने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतलं, जसं घ्यायचं असतं. मग चहा आला. मामी समोवारपाशी बसली आणि अर्धे अर्धे पेले पुढे करायला लागली.

मी पेला खाली ठेवला.

"कोके," मी म्हणाले, "मी आजोळी मागतेय. दुसऱ्यांदा. मला सागरी लढाई हवी."

आमच्यात मुलीच्या लेकराने आजोळी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. तीनदा मागता येतं, जन्मात तीनदा. नाही म्हटलं तर आजोळचं बरं होत नाही म्हणतात, आणि भाचरावर हात उगारला तर तो हात पुढे कापत राहतो. पहिलं मागणं मी सहा वर्षांची असताना वापरलं होतं. मामाची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी.

मामाचा चेहरा हळूहळू लाल झाला. "हिला कुणी शिकवलं हे?"

"मी नाही," आई म्हणाली.

"टोपी घेतलीस. आठवड्यात हरवलीस."

"मामा, त्याला दहा वर्षं झाली."

"आणि दहा वर्षं माझे कान गार आहेत." तो आईकडे वळला. "राउशान, सांग तिला काहीतरी."

मला वाटलं होतं आई माझ्या बाजूने असेल. तीच तर त्या मंडपात वाढली होती. पण आई पेल्यातल्या चहाकडे बघत राहिली, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज तीन दिवस मीठ चोळल्यासारखा झाला होता.

"कुठे ठेवणार आहेस? दोन खोल्यांत? तुझे बाबा रात्रपाळी करून येतात ते त्याच्यावर झोपतील? तुला दहा गोळे दिसतात, बलाउसा. मला आईचे गुडघे दिसतात. त्या गॅरेजच्या गारठ्यात गेले ते. शाळेतून आले की मी मंडपात बसायचे, दहाव्या वाढदिवसालासुद्धा मंडपातच होते, कारण कुठल्याशा मशीनमध्ये नाणं अडकलं होतं. घेऊन जाऊ दे त्याला. सगळं घेऊन जाऊ दे."

"आई, पण ती जहाजं..."

"बघितलीत मी ती जहाजं. तुझ्यापेक्षा जास्त बघितलीत."

रेनातने घसा साफ केला. "माफ करा, घरातली गोष्ट आहे. पण मला सांगायलाच हवं. मी ट्रक आणला तो सागरी लढाईसाठी. ती नसेल तर बाकीची चार मला न्यायची नाहीत. तशी माझ्याकडे आहेत."

"म्हणजे पाचही इथेच," मामा मला म्हणाला. "वसंतात गॅरेज पडेल त्यांच्यावर. झालं समाधान?"

तेव्हा मामीने रेनातचा पेला घेतला, आणि तो काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला.

भरलेला पेला म्हणजे काय ते अल्माटीतही कळतं. पी आणि ऊठ. रेनातचे कान लाल झाले.

"गुल्सिम," मामा म्हणाला.

"काय? पाहुण्याला चहा जास्त दिला, कमी नाही." मामीने समोवारची तोटी बंद केली. मामी सून म्हणून या घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी सासूने तिच्या हातात कात्री आणि डबा दिला होता. चौथं जहाज तिने कापलंय. हे ती कधी बोलत नाही, आज सकाळी आम्ही दोघी ती जहाजं पुसत होतो तेव्हा तिच्या तोंडून निसटलं म्हणून मला कळलं होतं. "पोरीने रीतीने मागितलंय. कोके बोलतील, तू कशाला बोलतोस?"

सगळे कोकेंकडे बघायला लागले. कोके रुमालाने हात पुसत होते, एकेक बोट, सावकाश.

"तुझी," ते मला म्हणाले.

मला खरं तर उडी मारायची होती. मी मारली नाही, वयाने मोठी झाले होते ना.

मग ते हात टेकून उठले, खुंटीवरची किल्ली काढली. "चल, बोताम. तुझं मशीन बघून घे." बोताम म्हणजे उंटाचं पिल्लू. ते मला लहानपणापासून तसंच म्हणतात, आणि माझे पायही तसेच आहेत.

गॅरेजमध्ये त्यांनी स्टोव्ह पेटवला, बरणीतून एक नाणं काढलं आणि चाचपून फटीत टाकलं. मशीन घुरघुरलं. मी दुर्बिणीत डोळे घातले. पहिला लागला. दुसरा लागला.

"तिसरा चुकला," कोके मागून म्हणाले. ते सीटवर बसले होते, मशीनकडे पाठ करून. सहावाही त्यांनी बरोबर सांगितला. दहाव्यानंतर मी मागे वळले.

"तुम्ही खेळा ना एक."

"दिसत नाही."

"म्हणजे?"

"दोन हिवाळे झाले. मध्ये धुकं असतं, कडेने थोडं दिसतं. दुर्बिणीत कडा नसते."

"मामाला सांगितलंत? आईला?"

"तुला सांगितलं आत्ता."

स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं. कोके गुडघे चोळत होते. मग ते अगदी साधेपणाने, हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाले, "रेनातला फोन मी केला होता."

"मामाने केला."

"तल्गातला मी म्हटलं, तू विकतोस असं सांग. राउशानला, सगळ्यांना. ओळीतल्या शेजाऱ्यांनाही. दोन महिने तो बोलणी खातोय. माझ्या तोंडून निघत नव्हतं, बोताम. तुझ्या आजीची जहाजं विकतोय, असं कसं म्हणू?"

माझ्याकडे सात मुद्दे होते, त्यातला एकही आठवेना.

"तीस वर्षं रोज येतो इथे," कोके म्हणाले. "हिवाळ्यात दोनदा. स्टोव्ह पेटवायचा, नाहीतर लाकूड फुगतं, आरशाला ओल धरते. कंटाळलो का म्हणशील तर नाही. कंटाळा असता तर केव्हाच सोडलं असतं. दमलोय. रात्री बर्फ पडायला लागलं की मला आधी हीच आठवते, आणि मग झोप नाही. वाटलं, कुणीतरी न्यावं. मी दुसरीकडे बघत असताना न्यावं."

"मग मला नाही म्हणायचं होतं."

"आजोळी नाही म्हणत नाहीत."

"मी परत करते. आत्ता जाऊन सांगते."

"परत घेत नाहीत. मुलीच्या लेकराने नेलेलं घरात पुन्हा आलं तर अशुभ." ते जरासे हसले. "रिवाज सगळा एकाच बाजूने उघडतो. आता ती तुझी आहे. तू बघ काय करायचं."

आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणजे मी दोन दिवस मुद्दे जुळवून काय केलं, तर एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून उतरत आलेलं ओझं उचलून परत त्याच्याच खांद्यावर ठेवलं, तेही असं की त्याला झटकता येऊ नये. वादविवादात अडकलं की दोन मिनिटं मागून घेता येतात. मी तिथेच दुर्बिणीला कपाळ टेकून उभी राहिले, दोनहून जास्तच असतील.

घरात रेनात बूट चढवत होता. मामा त्याला दारापाशी काहीतरी समजावत होता. मामाने दोन महिने खाल्लेली बोलणी मला आता दिसत होती, त्याच्या वाकलेल्या मानेत.

"रेनात आगा," मोठ्या भावाला हाक मारावी तसं मी म्हणाले, "मशीन माझं आहे. माझ्याशी बोला."

तो एका पायात बूट घालून थांबला.

"पाचही न्या. मामाशी ठरलंय तसंच. पण जहाजं बदलायची नाहीत. हीच राहतील, साखळीवर, चालती."

"बहिणी, जाणकार लोक येतात बघायला. मशीन इतकं दुर्मीळ, आणि आत माशाचे डबे. हसतील मला."

"हसू देत. आणि खाली पाटी लावायची. जहाजं कुल्पान आणि गुल्सिम यांनी माशांच्या डब्यांतून कापली, बाल्खाश."

स्वयंपाकघरात एक पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मामीचं नाव कुठल्या पाटीवर यायची ही पहिलीच वेळ असणार.

रेनात बराच वेळ बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. त्याचा हिशोब सोपा होता, रिकामा ट्रक घेऊन सहा तास बर्फातून जायचं की नाही. पण मला वाटतं तेवढंच नव्हतं. तो म्हणाला, "मूळ जहाजं माझ्याकडे दुसऱ्या क्रमांकांच्या आठ मशीनांत आहेत. सगळी एकसारखी दिसतात." मग तो बूट काढून परत आत गेला, आणि मामीने भरलेला तो गार पेला उभ्याउभ्या शेवटपर्यंत प्यायला.

"न्यायचीच होती तर मागितलीस कशाला?" मामाने मला विचारलं.

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

"बोलून पाहिलं," मी म्हणाले.

मामाने माझ्याकडे पाहिलं, नीट, टोपीनंतर पहिल्यांदाच. गॅरेजमध्ये कोके काय बोलले असतील ते त्याला कळलं असावं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रेनातच्या ट्रकवाल्याला ट्रक मागे घ्यायला सांगायला निघून गेला. हात कापत नव्हता.

चार मशीनं गेली तेव्हा उजेड पिवळा व्हायला लागला होता. सागरी लढाई तेवढी उरली. आई शाल गुंडाळून दारात येऊन उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

"एक नाणं दे," ती मला म्हणाली.

तिने दुर्बीण स्वतःच्या उंचीची करून घेतली, न बघता, सवयीने. एकामागून एक. कोके सीटवर डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येकाला नुसती मान हलवत होते. नऊ झाले, नऊही लागले. मग आई थांबली. आत साखळी करकरत फिरत होती. पहिलं जहाज गेलं, दुसरं गेलं. मला माहीत होतं आता कुठलं येणार.

"आज जेवायला नाही तर नाही," आई पुटपुटली, आणि अंगठा दाबला.

आतला समुद्र लाल झाला.

"लागला," कोके म्हणाले.

आईने दुर्बिणीतून डोळे काढले नाहीत. मी शेजारून काचेत बघितलं. साखळी पूर्ण फिरली आणि पांढऱ्या ठिपक्याचं जहाज दुसऱ्या टोकाने पुन्हा वर आलं, आपल्या वेगाने, काही झालंच नाही असं. ते येतंच परत. आईने पदराच्या टोकासारखं शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि बाजूला झाली.

मामा, रेनात आणि ट्रकवाला आत आले तेव्हा कोकेंची मान छातीवर आली होती. तोंड जरा उघडं. ते घोरत होते. गेली दोन वर्षं त्यांना दिवसा झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं, मामी म्हणते रात्रीही नाही.

"उठवायला हवं," मामा हळू आवाजात म्हणाला. "सीट वाटेत आहे. दाराचं दुसरं फळकूट बर्फाने धरलंय, ते उघडत नाही." मग तो वाकता वाकता माझ्याकडे वळला. "आणि तुझं तिसरं काय आहे ते आत्ताच सांगून टाक. माणूस तयारीत तरी राहील."

"कोकेंना उठवू नका," मी म्हणाले.

"ते नाही. मागणं."

"हेच मागणं."

मामाने वाकलेली कंबर सरळ केली. तो आईकडे बघायला लागला, आई दारात आलेल्या मामीकडे. मामी घरात गेली आणि किटली घेऊन आली, सपाता घालूनच, बर्फातून. फळकुटाच्या खाचेत तिने उकळतं पाणी ओतलं. मग आई दुसरी किटली घेऊन आली. पहार मारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. आम्ही समोवार रिकामा केला, मग मांसाच्या पातेल्यातलं पाणीसुद्धा आणलं, आणि चाळीस मिनिटं आळीपाळीने ओतत राहिलो, बोटांच्या चिरा झोंबत होत्या, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळ्या ओळीला उकडलेल्या घोड्याचा वास सुटला होता.

अखेर फळकूट हललं. मामा, रेनात, ट्रकवाला आणि मी, चौघांनी सागरी लढाई उचलली, रेनातने पायातले बूट काढून ठेवले होते, आणि ती त्या बाजूने बाहेर गेली. मामाने अंगातला कोट काढून कोकेंवर घातला, मग स्टोव्हमध्ये आणखी एक लाकूड टाकलं, जरी आत आता जपायला दुसरं काही नव्हतं.